उद्या सकाळी बोलायचे वाक्य

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आमच्या दादरच्या इमारतीच्या जिन्यात वरच्या मजल्यावरचे काका भेटले. लिफ्ट बंद होती, जिन्यात ओल्या छत्र्यांचा आणि फिनेलचा मिसळलेला वास होता, आणि काका दुधाच्या पिशव्या कठड्यावर टेकवून दम घेत उभे होते. पुतळ्याचा विषय मी काढला नव्हता. त्यांनीच काढला, आणि काढता काढता मिटवूनही टाकला. "अगं, ताशी पंचेचाळीस किलोमीटरचा वारा होता. त्याला कोण काय करणार?" एवढे बोलून त्यांनी पिशव्या उचलल्या आणि ते वर गेले.

काका बेस्टच्या वीजपुरवठा विभागातून निवृत्त झाले आहेत. शहर भागातले रस्त्यावरचे दिवे बेस्टकडे असतात, आणि या माणसाची सगळी नोकरी दिव्यांचे खांब उभारण्यात, तपासण्यात आणि पावसाळ्यापूर्वी गंजलेले खांब बदलून घेण्यात गेली आहे. मुंबईत बांधकामाचा आराखडा करताना वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या आसपास धरतात, हे मला त्यांनीच गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडवरून झालेल्या एका वादात ऐकवले होते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा कुलाब्याला वाऱ्याने ताशी शंभरचा आकडा ओलांडला होता, आणि आपल्या हातचे खांब कसे ताठ उभे आहेत हे काकांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी कौतुकाने दाखवले होते. ताशी पंचेचाळीसचा वारा दादरच्या चौपाटीवर जुलै-ऑगस्टमध्ये अधूनमधून येतच असतो. त्यात छत्री उलटी होते. उभारून नऊ महिनेही न झालेला पुतळा तेवढ्या वाऱ्याने पडू नये, हे आमच्या इमारतीत सर्वांच्या आधी ज्याला कळायला हवे होते तो माणूस मला वाऱ्याचा आकडा सांगून निघून गेला, आणि ही गोष्ट मला पुढे कित्येक दिवस टोचत राहिली.

आकडा मुख्यमंत्र्यांनी सांगितला होता. त्याबरोबर त्यांनी आणखीही काही सांगितले होते: पुतळा नौदलाने उभारलेला आहे, कारणांचा शोध घेतला जाईल, नवा पुतळा उभा राहील. काकांनी त्यातले एकच वाक्य उचलले, सर्वांत लहान आणि आकडा असलेले. काका फसले असे म्हणण्याची माझी तयारी नाही, कारण वाऱ्याच्या बाबतीत त्यांना फसवू शकेल असा माणूस मंत्रालयात असण्याची शक्यता कमी आहे. त्यांचा त्या वाक्यावर विश्वास बसला होता असेही मला वाटत नाही. त्यांना जिन्यात, दूधवाल्याकडे, सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारणाऱ्या मंडळींत काहीतरी बोलावे लागणार होते. वर्षानुवर्षे ज्या बाजूला मत दिले त्या बाजूची ही नामुष्की होती, आणि तीही महाराजांच्या पुतळ्याबाबत. अशा वेळी गप्प बसणे म्हणजे कबुली देणे, आणि बाजू सोडणे हा तर फार मोठा निर्णय. तो दूध आणायला गेलेल्या माणसाने जिन्यात घ्यावा अशी अपेक्षाच नसते. मागून आणलेल्या छत्रीला भोके आहेत की नाहीत हे कोणी पाहत नाही, घरापर्यंत पोहोचलो म्हणजे झाले. काकांचे वाक्य त्या जातीचे होते.

ते त्यांना कोणीतरी वापरायला दिले होते.

हे एकदा ध्यानात आल्यावर पुढाऱ्यांच्या खुलाशांकडे मी वेगळ्या कानाने ऐकू लागले. आपण समजतो की पत्रकार परिषदेत बसलेला मंत्री पत्रकारांना उत्तर देतो आहे, विरोधकांना तोंड देतो आहे, किंवा तुमच्या-आमच्यासारख्या शंकेखोरांची समजूत काढतो आहे. यांपैकी कोणाचीही समजूत पटणार नाही हे त्याला आपल्याहून चांगले ठाऊक असते. तो बोलतो ते आपल्याच माणसांसाठी, ज्यांना दुसऱ्या दिवशी आठ-वाजून-काही-मिनिटांच्या लोकलमध्ये आपल्या ग्रुपसमोर उभे राहायचे आहे. वाक्य खरे असण्याची तेथे फारशी गरज नसते. ते तोंडात बसणारे हवे आणि समोरच्याला निदान क्षणभर गप्प करणारे हवे.

माझ्या वडिलांकडेही असे एक वाक्य होते. १९८१ साली आम्ही गिरगावात, चाळीच्या दोन खोल्यांत राहत होतो. स्वयंपाकाचा ओटा मधोमध तडकला होता आणि त्या फटीत झुरळे झाली होती. आई रोज रात्री तेथे बोरिक पावडर आणि साखरेच्या गोळ्या ठेवी. ओटा नीट करायला सिमेंट हवे होते, आणि सिमेंट त्या काळी सरकारी नियंत्रणाखाली होते. परवान्याशिवाय मिळत नसे आणि काळ्या बाजारातले आम्हाला परवडत नसे. नेमक्या त्याच दिवसांत मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्या सिमेंटचे प्रकरण बाहेर आले. बिल्डरांना कोट्याबाहेर सिमेंट दिले आणि त्या बदल्यात मुख्यमंत्र्यांशी संबंधित प्रतिष्ठानांना देणग्या घेतल्या, असा आरोप होता. सिमेंटसाठी खेटे घालणाऱ्या माणसाचे डोके भडकायला हवे होते. वडील मात्र पेपर घडी करून ठेवत आणि शांतपणे म्हणत, "स्वतःच्या खिशात तर नाही ना घातले? प्रतिष्ठानाला दिले. लेखक-कलावंतांसाठी दिले."

आमचे मूळ गाव अलिबागकडचे. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड केले ते अंतुल्यांनी, जानेवारी १९८१ मध्ये. निराधारांसाठी पगारासारखी दरमहा रक्कम सुरू केली तीही त्यांनीच, आणि भवानी तलवार इंग्लंडहून परत आणण्याची घोषणा करून त्यांनी माझ्या वडिलांच्या छातीत जी हवा भरली होती ती पुढे कुठल्याच मुख्यमंत्र्याला भरता आली नाही. त्या माणसाला सोडणे म्हणजे कोकणच सोडण्यासारखे होते. शेजारच्या खोलीतले मास्तर समाजवादी होते, ते पेपरातली कात्रणे घेऊन यायचे, आणि दोघांचा वाद सुरू झाला की आई स्टोव्हला पंप मारण्याचा आवाज मुद्दाम वाढवायची. मास्तरांकडे कागद होते, आकडे होते, इमारतींची नावे होती. वडिलांकडे ते एक वाक्य होते, आणि मला आठवते तसे, वाद दर वेळी बरोबरीत सुटत असे. १९८२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेन्टिन यांनी सिमेंट आणि देणग्या यांचा संबंध असल्याचा निकाल दिला, अंतुले गेले, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस केंद्र सरकारने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केले. ओटा त्या उन्हाळ्यात झाला. त्यावर हात फिरवतानाही वडील तेच म्हणत होते.

असे वाक्य तयार करण्यात सर्वांत हुशारी कोणी दाखवली असेल तर ती रिचर्ड निक्सन यांनी, आणि तीसुद्धा वॉटरगेटच्या वीस वर्षे आधी. १९५२ मध्ये ते उपाध्यक्षपदाचे उमेदवार असताना, समर्थकांनी त्यांच्या खर्चासाठी १८ हजार डॉलरचा निधी गुपचूप जमवल्याचे उघड झाले आणि पक्ष त्यांना वगळण्याच्या बेतात आला. २३ सप्टेंबरच्या रात्री ते दूरचित्रवाणीवर अर्धा तास बोलले. घरावरचे कर्ज, जुनी गाडी, पत्नीच्या अंगावर किमती फर नसून साधा कापडी कोट आहे, असा सगळा घरगुती हिशेब त्यांनी मांडला, आणि मग सांगितले की एक भेट मात्र आम्ही घेतली आहे: टेक्सासहून कोणीतरी मुलींसाठी काळे-पांढरे कुत्र्याचे पिल्लू पाठवले, थोरलीने त्याचे नाव चेकर्स ठेवले, आणि कोणी काहीही म्हणो, ते आम्ही परत देणार नाही. कुत्र्याबद्दल त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते. पण दुसऱ्या दिवशी निक्सनच्या बाजूने बोलू पाहणाऱ्याला निधीविषयी बोलण्याची गरज उरली नाही, "आता पोरींचे कुत्रेही काढून घेणार का?" एवढे पुरेसे होते. शेवटी त्यांनी लोकांना आपले मत पक्षाच्या समितीला कळवण्याची विनंती केली, आणि तारांचा व पत्रांचा पाऊस पडला. समर्थकाच्या तोंडी वाक्य देऊन ते थांबले नाहीत, त्याच्या हाताला कामही दिले. उमेदवारी टिकली.

रोनाल्ड रेगन यांचे वाक्य मला त्याहूनही सरस वाटते. इराणला शस्त्रे देऊन ओलिसांची सुटका साधण्याचा व्यवहार झाला नाही, असे त्यांनी देशाला सांगितले होते. तो झाला होता हे चौकशीत दिसले. मार्च १९८७ मध्ये ते म्हणाले की माझे हृदय आणि माझा हेतू अजूनही मला तेच सांगतात, पण वस्तुस्थिती आणि पुरावे सांगतात की ते खरे नाही. कबुलीही दिली, आणि ज्याला त्यांच्यावर प्रेम करत राहायचे होते त्याच्यासाठी हृदयाची खिडकी उघडी ठेवली. हा माणूस आधी नट होता हे आठवून हसू येते, पण वाक्य वाचताना पहिल्यांदा मीसुद्धा क्षणभर विरघळले होते.

आपल्याकडे इतके नाजूक काम होत नाही. आपल्याकडे प्रसिद्धिपत्रक निघते. परंतु त्या पत्रकांतल्या ठरलेल्या वाक्यांना फार जुने कूळ आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात हर्मागोरस नावाच्या ग्रीक वक्तृत्वशिक्षकाने आरोपाला तोंड देताना उभे राहण्याच्या चार जागा सांगितल्या होत्या: असे घडलेच नाही; घडले, पण तुम्ही म्हणता ते नाही; तेच घडले, पण त्याला कारण होते; आणि काही असो, विचारण्याची ही जागा नव्हे. सिसेरोपासून पुढच्या रोमन वकिलांनी ही मांडणी घोटून पाठ केली. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर कोणी हर्मागोरस वाचत नसणार, तरी आरोप बिनबुडाचे आहेत, हा घोटाळा नसून प्रशासकीय अनियमितता आहे, निर्णय शेतकऱ्यांच्या हिताचा होता, आणि प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने अधिक बोलणे उचित नाही, ही चार वाक्ये त्याच क्रमाने आमच्या बातम्यांत येतात. जागा एकेक करून सोडायच्या असतात, आणि मागची सोडताना ती कधी धरलीच नव्हती असा चेहरा ठेवायचा असतो. गुणवत्ता यादी काढायची झाली तर माझा पहिला क्रमांक चौथ्या जागेला. कारण "न्यायप्रविष्ट" म्हणणारा माणूस कायद्याचा आदर करणारा दिसतो आणि प्रश्न विचारणारा उतावळा ठरतो.

दुसऱ्या जागेचा सर्वांत देखणा प्रयोग आमच्या कुलाब्यात झाला. 'आदर्श' सोसायटीची ३१ मजली इमारत अजून तेथे उभी आहे. नातेवाइकांच्या नावावर त्या इमारतीत सदनिका असल्याचे उघड झाल्यावर नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाण यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. लोकांचा प्रश्न साधा होता: परवानग्या देणाऱ्यांच्या घरच्यांना घरे कशी मिळाली? पण पुढची दीड-दोन वर्षे चर्चा वेगळ्याच प्रश्नाची होत राहिली, की जमीन राज्य सरकारची होती की संरक्षण खात्याची, आणि ती कारगिलच्या जवानांसाठी राखीव होती का. चौकशी आयोगाने २०१२ मध्ये अंतरिम अहवालात सांगितले की जमीन राज्याची होती आणि कारगिलसाठी राखीव नव्हती. त्या दिवशी फोर्टमधल्या आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने डबा उघडता उघडता जाहीर केले, "बघा, कारगिलचा काही संबंधच नव्हता." न विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर हातात आले की माणूस किती हलका होतो, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. आयोगाचा अंतिम अहवाल सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये आधी फेटाळला आणि पक्षश्रेष्ठींकडून नापसंती आल्यावर जानेवारीत अंशतः स्वीकारला. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार अहवाल सहा महिन्यांत कृती अहवालासह सभागृहापुढे ठेवावा लागतो, पण त्यातल्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे ज्यांना माहीत असते तेच "उच्चस्तरीय चौकशी" हे शब्द सर्वांत ठणकावून उच्चारतात.

कधीकधी वाक्य इतके अशक्त असते की समर्थकालाही ते उचलवत नाही. जुलै २०२५ मध्ये कृषिमंत्री विधान परिषदेत बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याचे चित्रण सर्वत्र फिरले तेव्हा माणिकराव कोकाटे यांनी सांगितले की ती जाहिरात होती आणि आपण ती घालवत होतो. आमच्या डब्यातल्या बायकांमध्ये त्या पक्षाच्या बऱ्याच जणी आहेत. एकीनेही ते वाक्य तोंडातून काढले नाही. महिन्याअखेर त्यांच्याकडून कृषी खाते काढून घेतले आणि क्रीडा खाते दिले. यावर काही भाष्य करावे असे मला वाटत नाही.

आणि मग माफी. येथे माझ्या मनात खरोखरच गोंधळ आहे, कारण माफी मागणारा माणूस मला आवडतो आणि माफी मागण्याची पद्धत मात्र बघवत नाही. एप्रिल २०१३ मध्ये अजित पवार यांनी इंदापुरात धरणातल्या पाण्याविषयी जे वक्तव्य केले ते येथे लिहिण्याची गरज नाही, दुष्काळात होरपळलेल्या महाराष्ट्राला ते पाठ आहे. ज्याच्यावरून ते वक्तव्य झाले तो सोलापूरचा शेतकरी उजनीच्या पाण्यासाठी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. पवारांनी माफी मागितली, सभागृहातही मागितली, हे नोंदवायला हवे. पण लोकांच्या ध्यानात राहिला तो कऱ्हाडचा आत्मक्लेश: प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी, दिवसभर मान खाली घालून बसणे. टीव्हीवर ते पाहताना माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते. मी मात्र आझाद मैदानाचा विचार करत होते, जे मंत्रालयापासून टॅक्सीने दहा मिनिटांवर आहे.

पुतळा पडल्यानंतर चार दिवसांनी, ३० ऑगस्ट २०२४ रोजी, पंतप्रधान पालघरला आले आणि त्यांनी आपल्या आराध्य दैवताच्या चरणी मस्तक ठेवून क्षमा मागितली. त्याच भाषणात त्यांनी सावरकरांचा अवमान करूनही माफी न मागणाऱ्यांचा उल्लेख केला. दोन्ही प्रसंगी मला दिसली ती एकच रचना: क्षमा अशा व्यक्तीकडे मागितली गेली जी पुढचा प्रश्न विचारू शकत नाही. यशवंतराव विचारणार नाहीत की धरणे भरली का नाहीत. महाराज विचारणार नाहीत की निविदा कोणाला दिली, तपासणी कोणी केली. बघणाऱ्याचे हात मात्र आपोआप जोडले जातात, आणि जोडलेल्या हातांनी बोट दाखवता येत नाही. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी जुलै २०२२ मध्ये अंधेरीत गुजराती आणि राजस्थानी लोक गेले तर मुंबईत पैसाच उरणार नाही असे म्हटले, तेव्हा आधी विपर्यास झाल्याचा खुलासा आला आणि तीन दिवसांनी क्षमायाचना. तीत देवत्व नव्हते, समाधी नव्हती, म्हणूनच बहुधा ती कोणाच्या लक्षात राहिली नाही.

मी ज्यांना मत देते त्यांची वाक्ये मला वाक्ये वाटत नाहीत, माहिती वाटतात. तेव्हा काकांकडे बोट दाखवून मी मोकळी होणार नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे, की हे देणे-घेणे कधी थांबते का. १९५८ साली मुंबईत ते काही दिवस थांबले असावे असे वाटते. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रुपये गुंतवले, फिरोज गांधींनी ते लोकसभेत काढले, आणि मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्याकडे चौकशी आली. त्यांनी ती मुंबईत सर्वांसमक्ष चालवली. आत मावेनात म्हणून बाहेरच्या गर्दीसाठी ध्वनिक्षेपक लावले. अर्थमंत्री कृष्णम्माचारी सांगत होते की निर्णय सचिवाचा होता, आणि ते सांगणे संपता संपता समोरून पुढचा प्रश्न येत होता, आणि तोही लोकांना ऐकू येत होता. वाक्य घरी नेण्याइतकी उसंतच कोणाला मिळाली नाही. महिन्याभराच्या आत काम आटोपले, फेब्रुवारीत मंत्री गेले. अर्थात नेहरूंनी त्यांना १९६२ मध्ये परत घेतले, ते पुन्हा अर्थमंत्री झाले, आणि ज्या ह. मु. पटेल या सचिवावर त्यांनी ढकलले होते तेही १९७७ मध्ये अर्थमंत्री झाले, हा भाग मास्तर वडिलांना कधी सांगत नसत.

वडिलांचा शेवटचा मोठा वाद मला आठवतो तो १९८८ चा. दोन वर्षांपूर्वी जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण दगावले होते, आणि त्या चौकशीच्या अहवालाने रुग्णालयापासून मंत्र्यांपर्यंत कोणालाच सोडले नव्हते. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना जावे लागले. या वेळी सरकारच्या बाजूने बोलायला वडिलांकडे काही नव्हते, आणि त्यांनी शोधलेही नाही. चाळीतले सगळे जे. जे.लाच जात, ते १४ जण आमच्यातलेच कोणीही असू शकले असते. वडील मोठ्याने बातमी वाचून दाखवत होते आणि मध्येच थांबून म्हणाले, "न्यायमूर्ती असावा तर असा." आयोग न्यायमूर्ती लेन्टिन यांचा होता. मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढला आणि सिमेंटचा निकालही याच न्यायमूर्तींचा होता याची आठवण करून दिली. वडिलांनी पेपराची घडी घातली, ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "ते वेगळे होते, मास्तर. ते प्रतिष्ठानाला दिले होते."